टाइप केलं, पाठवलं नाही. म्हणजे मौन झालं का?



आपला बारावा अध्याय चालू आहे, हे लक्षात आहे माझ्या. पण या आठवड्यात मला सतराव्या अध्यायातल्या दोन श्लोकांची फार गरज पडली, १५ आणि १६. म्हणून आज मध्येच उडी मारतेय. बारावा उद्या परत धरू.

त्याचं झालं असं. माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्यात मुक्कामी होती. भवानी पेठेतलं पालखी विठोबा मंदिर आणि नाना पेठेतलं निवडुंग्या विठोबा मंदिर, दोन्हीकडे दर्शनाला जायचं हा माझा दरवर्षीचा नेम. या वर्षी आम्ही काही जणांनी वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडूही वाटले. रात्री घरी आले तेव्हा पाय दुखत होते, पण मन इतकं भरलेलं होतं की काय सांगू. आणि मग मी फोन उघडला.

कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राचा मेसेज होता. दरवर्षी दोन दिवस शहर बंद पाडायचं, देव घरात भेटत नाही का यांना? खाली तीन जणांच्या हसऱ्या इमोजी, एकाचा अंगठा.

मी तिथेच, चप्पल न काढता, सतरा ओळी टाइप केल्या. मॅचच्या दिवशी ट्रॅफिक होतो तेव्हा कुठे असतोस, हे लिहिलं. वारीचा इतिहास लिहिला. आणि शेवटी एक वाक्य, जे मला सगळ्यात जास्त आवडलं होतं : सेकंड इयरला चार विषय राहिले होते, तेव्हा सारसबागेच्या गणपतीला रोज कोण जात होतं रे?

पाठवलं नाही. पण त्याचं कारण काही फार सात्त्विक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. एकादशीच्या उपवासावरून एक मैत्रीण काहीतरी बोलली आणि मी तिच्याच जुन्या पोस्टचे स्क्रीनशॉट टाकून तिला गप्प केलं. ग्रुपवर टाळ्या पडल्या. दहा मिनिटांनी ती ग्रुप सोडून गेल्याची ती बारीक करडी ओळ दिसली. चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. तिचं लग्न झालेलं मला दुसऱ्या कोणाच्या तरी स्टेटसवरून कळलं.

ते आठवलं, म्हणून या वेळी सतरा ओळी कॉपी करून नोट्समध्ये ठेवल्या आणि फोन उलटा टाकला. वर मनात म्हटलंसुद्धा, बघ, आज मौन जमलं तुला.

सकाळी हरिपाठाला बसले. तोंडाने हरिपाठ, डोक्यात भांडण. संपेपर्यंत अजून तीन भारी उत्तरं तयार! सिग्नलला गाडीवर तेच. ऑफिसमध्ये दर अर्ध्या तासाने बघत होते, कोणी काही लिहिलंय का, माझ्या बाजूने कोणी उभं राहतंय का.

संध्याकाळी सतरावा अध्याय काढला. भगवंत तिथे तपाचे तीन प्रकार सांगतात : शरीराचं, वाणीचं, मनाचं. पंधराव्या श्लोकात वाणीचं तप येतं. समोरच्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, आणि सोबत स्वाध्याय. आपण काय करतो, यातलं एकच उचलतो. 'मी खरं तेच बोलले ना!' पण या चारांत कुठे 'किंवा' नाहीये. सगळं एकाच वाक्यात असावं लागतं. माझं सारसबागेचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. बाकीच्या तिन्हींत नापास.

ज्ञानेश्वरीत माउली इथे परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्यासाठी लोखंडाला तोडत नाही. आणि दुसरा पाण्याचा. पाणी निघालेलं असतं झाडाकडे, पण वाटेतलं गवतही त्यावर जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्याच भल्याचं व्हावं. हे वाचताना मला आमचा ग्रुपच दिसला. मीही एकाशी बोलणार होते आणि बाकीचे सगळे वाचणार होते. माझ्या पाण्याने कोणाची मुळं ओली झाली असती?

आता खरी गंमत पुढे आहे, आणि ही मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिली नव्हती. मौन हा शब्द या पंधराव्या श्लोकात नाहीच! तो सोळाव्यात आहे, मनाच्या तपात. मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, आत्मसंयम, भावाची शुद्धी. मला कायम वाटायचं की मौन म्हणजे तोंडाचं काम. आजच्या भाषेत बोटांचं. भगवंतांनी ते ठेवलंय मनाच्या खात्यात, आणि त्याआधी प्रसन्नता आणि सौम्यपणा. मग मी जे केलं ते काय होतं? वाणी थांबली होती, ते चांगलंच झालं, त्याने मैत्री तरी वाचली. पण आत ग्रुप चालूच होता. फक्त त्यात मी एकटीच मेंबर.

अजून दोन श्लोक पुढे गेलं की अठराव्यात राजस तप येतं : मान मिळावा, सत्कार व्हावा म्हणून दिखाव्याने केलेलं, न टिकणारं. त्या टाळ्यांच्या इमोजी आठवल्या आणि पुस्तक मिटलं.

मग काय, कधी वादच घालायचा नाही? असं मला वाटत नाही. दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंत म्हणतात की वाद करणाऱ्यांमधला वाद मी आहे. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन वेगळे शब्द आहेत. खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायला वितंडा. कोणी औषधाबद्दल खोटा फॉरवर्ड टाकला तर सांगावंच लागतं. पण मला विचाराल तर, वाद व्हायला समोर एक माणूस लागतो. प्रेक्षक आले की त्याचा जल्प व्हायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. आधी करायला धीर झाला नाही, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी काकूंचं डायलिसिस होतं. रिक्षावाला एकेका बंद रस्त्यावरून परत फिरत राहिला, पोहोचायला दीड तास उशीर झाला. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्याने तो मेसेज टाकला होता. काकू स्वतः पालखीला हात जोडणाऱ्या, हेही त्यानेच सांगितलं.

त्यानंतर आम्ही अर्धा तास भांडलो, पण वेगळं. मी म्हटलं, रस्ते कुठले बंद ते पोलीस आधी जाहीर करतात. तो म्हणाला, "पेपर वाचायला वेळ कुणाला होता? तू तर दरवर्षी जातेस. तुला आईचं माहीत होतं. तू सांगितलंस का एकदा तरी?"

नव्हतं सांगितलं. काकूंच्या डायलिसिसचे वार मला माहीत होते. मी लाडू वळण्यात होते.

त्याचं मत फारसं बदललेलं नाही. माझंही नाही. रविवारी काकूंना भेटायला जातेय, उरलेले लाडू त्यांना चालतील का ते आधी त्याला विचारेन.

सतरा ओळी अजून नोट्समध्येच आहेत. काल एकदा उघडून वाचल्या. सारसबागेचं वाक्य अजूनही झकास जमलंय असं वाटलं.

राम कृष्ण हरी.