घटक ३ : शस्त्राची भाषा – ‘राऊ’ ते ‘बाजीराव मस्तानी’

३.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास :
• शैलीकरण ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• चित्रपटातील तलवारयुद्ध प्रेमकथेचा अर्थ कसा वाहते, हे सांगता येईल.
• इतिहास, कादंबरी व चित्रपट यांतील सत्याचे वेगळेपण ओळखता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण माध्यमांतराची तत्त्वे पाहिली. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारित संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट डिसेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. कादंबरीकाराजवळ शब्द असतात; दिग्दर्शकाला देह, गती व प्रकाश यांतून बोलावे लागते. हे बोलणे या चित्रपटात तलवारीने कसे केले आहे, ते आता पाहू.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ शैलीकरण म्हणजे काय?

सोलापूरच्या मिरवणुकीतील लेझीम आपण पाहिलीच असेल. ‘लेझीम’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ लोखंडी साखळी लावलेले, सरावाचे धनुष्य असा आहे. पुढे त्या साधनाचा व्यायाम झाला, व्यायामाचे नृत्य झाले. शत्रू गेला, ताल उरला. शस्त्राची हालचाल मारण्यासाठी न राहता अर्थ सांगण्यासाठी योजली जाते, तेव्हा तिचे शैलीकरण होते. भाषेतही असेच घडते. पट्टा चालविण्यात निष्णात तो ‘पटाईत’. आज मात्र गप्पांतही माणूस पटाईत असतो.

३.३.२ तीन प्रसंग

पहिला प्रसंग छावणीतला. शिरस्त्राण घातलेला एक दूत पहारा मोडून आत शिरतो आणि तो दूत म्हणजे मस्तानी असल्याचे उघड होते. येथे ओळख शब्दांआधी शस्त्राने होते. नायिका याचक म्हणून येत असली तरी बरोबरीने उभी राहते.

दुसरा प्रसंग कट्यारीचा. बाजीराव तिला आपली कट्यार देतात. त्यांच्या लेखी ती भेट असते. तिच्या लेखी मात्र तो विवाह ठरतो. एकाच चिन्हाचे दोन समाजांत दोन अर्थ! पुढील सारा संघर्ष या अर्थभेदातून उगवतो.

तिसरा प्रसंग अखेरचा. तापाने भ्रमिष्ट झालेले बाजीराव नर्मदेच्या पाण्यात अदृश्य शत्रूवर वार करतात. समोर कोणीच नसते, कारण त्यांना हरविणारा शत्रू रणांगणात नव्हताच. तो घरात आणि रूढीत होता.

प्रेमाचा उच्चार जेथे निषिद्ध असतो, तेथे द्वंद्व संवादाची जागा घेते. अँग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) या चिनी चित्रपटातही हेच तत्त्व दिसते.

३.३.३ इतिहासाचे भान

१७२९ मध्ये बाजीराव बंगशाविरुद्ध छत्रसालाच्या मदतीस गेले आणि २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे त्यांचे निधन झाले, हा इतिहास आहे. मस्तानीविषयी समकालीन कागद मात्र थोडे आहेत. म्हणूनच लेखक-दिग्दर्शकांची जबाबदारी वाढते, आणि आपलीही. काशीबाई व मस्तानी एकत्र नाचतात त्या ‘पिंगा’ गीतावर आक्षेप घेतले गेले. ‘असे घडले होते का?’ आणि ‘असे दाखविल्याने काय सांगितले गेले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कागदपत्रांत शोधावे, दुसऱ्याचे कलाकृतीत. घरी मुलांबरोबर चित्रपट पाहताना त्यांनी ‘हे खरे आहे का?’ असे विचारले, तर हा भेद आपणास सांगता आला पाहिजे.

बाजीराव-मस्तानीच्या पुत्राचे नाव पुढे समशेरबहादूर असे रूढ झाले. ‘समशेर’ म्हणजे तलवार. पानिपतच्या १७६१ च्या युद्धात झालेल्या जखमांनी त्याचा अंत झाला. जो पेशवे घराण्याच्या पंक्तीत पूर्णपणे सामावला नाही, तो त्याच राज्यासाठी लढून गेला. हे मात्र शैलीकरण नव्हे.

३.४ सारांश

शैलीकृत युद्ध हे वास्तवाची नक्कल नसून अर्थाची मांडणी असते. ती वाचण्यासाठी रसिकता हवी आणि तपासण्यासाठी इतिहासाचे भान हवे.

३.५ स्वाध्याय

१. ‘लेझीम’ या उदाहरणाच्या आधारे शैलीकरण स्पष्ट करा.
२. कट्यारीच्या प्रसंगातील अर्थभेद आपल्या शब्दांत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील दांडपट्टा किंवा लेझीम खेळणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीस भेटून त्या खेळातील दहा शब्द अर्थासह नोंदवा.