लग्न घरचं, पाणी गावाचं

पोरी, लग्न आजोबांच्या घरी, धरणाच्या काठावरच करायचं म्हणालीस, ते मला मनापासून आवडलं. पूस, अरुणावती, बेंबळा, इसापूर, सायखेडा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशा पाण्याकाठी किती गावं आहेत, आणि दारापुढे मांडव घालायची रीत तिथे अजून टिकून आहे. पण हॉलवाल्याला पैसे मोजले की जी कामं गुपचूप होऊन जातात, ती घरच्या लग्नात आपल्याच हातांनी करावी लागतात. म्हणून काही गोष्टी आत्ताच कानावर घालते.

तिथीआधी शेत बघ. दिवाळीनंतर धरण भरलेलं असतं, पण तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते. मांडवाच्या कामाला माणूस मिळत नाही. वैशाखात सगळे मोकळे, पण ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलेलं आणि पाणी आत सरकून काठाला नुसता भेगाळलेला गाळ. माघ त्यातल्या त्यात बरा. वेचण्या उरकत येतात, पाणी अजून दिसतं, सकाळ थंड असते. आपल्या भावकीतल्या हरभऱ्याची सोंगणी कधी आहे तेवढं आधी विचारून घे.

मांडव अंगणातच घाल. काठाची मोकळी जमीन कितीही आपली वाटली तरी ती धरणासाठी संपादित झालेली असते. तिथे काही करायचं तर पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय खुंटीही ठोकू नको. खांबांना बांबू घे. साग तोडायचा झाला तर तो आपल्याच बांधावरचा असला तरी परवानगी लागते. डहाळे जांभळाचे, उंबराचे चालतील. आंब्याला माघात मोहोर असतो. दाराच्या तोरणापुरती पानं काढ, फांदी मोडू नको.

झाडांवर नजर फिरव. पाण्याकाठच्या मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ बसतं. चुलीचा धूर किंवा फटाका त्याला लागला तर पळता भुई थोडी होईल. चूल अशा झाडापासून लांब मांड, वाऱ्याची दिशा बघून मांड, आणि फटाके आणूच नको. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी या पाण्यावर उतरलेले असतात, त्यांनाही त्याचा त्रास. भोंगा रात्री दहाला बंद झालाच पाहिजे, तसा कायदाच आहे. पाण्यावरून आवाज पलीकडच्या गावापर्यंत जातो, हे लक्षात ठेव.

हाताची कामं आधी वाटून दे. पत्रावळ्यांचं दिवाळीच्या सुमारासच बघ. माघात पळसाची पानं गळून झाड फुलावर येतं, तेव्हा पानं शोधत फिरून उपयोग नाही. आधी लावून वाळवलेल्या पत्रावळ्या पंगतीपूर्वी पाण्याचा हात मारून ठेवल्या की कडकड मोडत नाहीत. अंतरपाट सुती खादीचा कर. पळसाची फुलं रात्रभर भिजवून उकळ, तुरटी टाक, त्यात कापड बुडव; सुंदर केशरी-पिवळा रंग चढतो. गेल्या वर्षीची वाळवलेली फुलंही चालतात. अक्षतांसाठी हळदीत घोळवलेली ज्वारी घे, म्हणजे खाली सांडलेली चिमण्या टिपतील. लग्नाची हळद जात्यावर दळायला आत्या-मावशांना बसव आणि त्यांना ओव्या म्हणू दे. त्या ओव्या कुणीतरी लिहून घ्या, कारण त्या म्हणणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.

स्वयंपाक थोडा, पण मन लावून. तुरीचं वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी, कढी आणि बुंदी. एवढ्यात पंगत तृप्त होते. शंभर पानांना साधारण दहा किलो तांदूळ आणि पाच किलो तूरडाळ धर. वाढणारे घरचेच असू देत, आणि ज्यांनी दिवसभर राबून मांडव उभा केला त्यांना शेवटच्या पंगतीची वाट बघायला लावू नको. इहीणबाईंच्या मानपानाइतकाच त्यांचाही मान.

पाण्याला जप, पाण्यापासूनही जप. पिण्याचं पाणी गाळून, उकळून माठांत भर. भांडी धरणावर नेऊन घासायची नाहीत. घरामागे खड्डा करून सांडपाणी त्यात सोड. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली की यवतमाळ शहराचे किती हाल होतात, ते आपण पाहिलं आहे. धरणातलं पाणी कुणाच्या तरी घागरीत जाणार असतं. हार, फुलं, थर्माकोल काहीही त्यात पडता कामा नये. मच्छीमारांची जाळी कुठे लागली आहेत ते भोई मंडळींना विचार आणि त्यांना आमंत्रणही दे. पोहता येणारे दोन जाणते पुरुष दिवसभर काठावर ठेव, पोरांसाठी दोर बांध. अंधार पडल्यावर फोटोसाठीसुद्धा कुणी गाळात उतरायचं नाही, नवरदेवानेही नाही.

कर्ज काढू नको. हे सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या जिल्ह्यात एका पावसाने दगा दिला की कापसाचं गणित कोलमडतं, आणि लग्नासाठी काढलेलं कर्ज बापाच्या छातीवर वर्षानुवर्षं बसतं. जेवढं हातात आहे तेवढ्याच पानांची पंगत घाल. चार माणसं नाराज झाली तर होऊ देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघण्याआधी सगळ्यांनी मिळून काठ झाडा. उष्ट्या पत्रावळ्या उकिरड्यात टाका, त्याचं खत होईल. आणि नव्वद दिवसांच्या आत लग्नाची नोंदणी करून घे. तो कागद पुढे बाईमाणसाच्या फार कामी येतो. अजून दिवस हातात आहेत. उद्याच दोन्ही घरच्यांना एकत्र बसव आणि कोणतं काम कुणाचं, ते नावासकट लिहून काढ.