रात्रींचा हिशेब

मेलबर्नमध्ये आम्ही वेगळे झालो तेव्हा लेक सात वर्षांची होती. एक आठवडा सोडून शुक्रवार-शनिवारच्या रात्री ती माझ्याकडे आणि बाकी आईकडे, असं ठरलं. वर्षाच्या झाल्या 52 रात्री.

ऑस्ट्रेलियात चाइल्ड सपोर्ट ठरवताना मूल कुणाकडे किती रात्री राहिलं, हे बघतात. 51 रात्री असत्या तर माझ्या खात्यात शून्य. 52 झाल्या, म्हणजे 14 टक्के, की मुलाच्या खर्चातला 24 टक्के वाटा तुम्ही सांभाळतानाच उचलता असं धरतात. दोघांच्या उत्पन्नातून स्वतःच्या पोटापुरती ठरावीक रक्कम वजा होते. उरलेल्या बेरजेत माझा वाटा होता 60 टक्के. त्यातून 24 गेले आणि खर्चाचे 36 टक्के मी तिच्या आईला द्यायचे ठरले.

दीड वर्षाने तिच्या आईला रात्रपाळी लागली. लेक दर बुधवार-गुरुवारीही माझ्याकडे राहू लागली. रात्री झाल्या 156, टक्के 42 आणि खर्चातला माझा वाटा 39. म्हणजे माझ्याकडून 36 ऐवजी 21 टक्केच जायला हवे होते. पण आम्ही हे फोनवर आपापसात ठरवलं आणि कुणालाच कळवलं नाही. घरातलं घरात, ही आपली सवय!

सात महिन्यांनी कळवलं, तेव्हा नियम समजला. बदल झाल्यापासून 28 दिवसांत सांगितलं तर नवा हिशेब बदलाच्या दिवसापासून लागतो. उशीर झाला तर ज्याच्याकडच्या रात्री वाढल्या, त्याला तो कळवल्याच्या दिवसापासून मिळतो. ज्याच्याकडच्या कमी झाल्या, त्याला मात्र मूळ तारखेपासूनच लागतो. माझे सात महिने गेले आणि तिच्या आईला फॅमिली टॅक्स बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी मदतीतले जादा आलेले पैसे परत करावे लागले. भांडण नसताना दोघांनाही फटका बसला.

म्हणून सांगतो. व्यवस्था बदलली की त्याच आठवड्यात दोघांनीही हा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याला कळवा. ठरलेलं तोंडी ठेवू नका, एक मेसेज तरी पाठवा. निर्णय पटला नाही तर हरकतही 28 दिवसांत घ्या. आणि दोन रात्रींवरून वाद घालण्याआधी टप्पे बघा. 52 ते 127 रात्रींपर्यंत वाटा 24 टक्केच राहतो. 128 पासून तो चढत जातो आणि 176 ते 189 रात्रींना अर्धा-अर्धा होतो.

एक चूक मात्र या नियमांत बसत नाही. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिच्या रात्रींवर खुणा करायचो. एकदा तिने विचारलं, "बाबा, ही माझी हजेरी आहे का?" तेव्हापासून नोंद फोनमध्ये ठेवतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आता फक्त सण आणि तिच्या परीक्षा असतात.