कीड सर्वेक्षणाच्या नोंदी आणि सामायिक रिपॉझिटरी : आधी कूटबद्धीकरण, मग साठवण

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. निवडक शेतांतील किडींच्या नोंदी संगणकावर येतात व त्यांवरून शेतकऱ्यांना मोबाईलवर सल्ला दिला जातो. अशा कोणत्याही सर्वेक्षणात कीडसंख्येबरोबर शेतकऱ्याचे नाव, मोबाईल क्रमांक आणि शेताचे अक्षांश-रेखांशही जमा होतात.

नोंदींचे विश्लेषण करणारा कोड हल्ली गिटच्या सामायिक रिपॉझिटरीत ठेवला जातो. कोड खुला असणे संशोधनाच्या हिताचे आहे. त्याच फोल्डरमधील शेतकऱ्यांची यादी किंवा सर्व्हरचा पासवर्ड खुला राहणे मात्र घातक आहे. रायपूरच्या पंडरी कापडबाजारात कापडाचे ठाण गिऱ्हाइकासमोर उलगडले जाते, गल्ला मात्र कुलपात असतो. तोच विवेक येथे हवा.

फाईल पुसून का भागत नाही?

गिट नोंदलेली प्रत्येक आवृत्ती जपून ठेवते. आज पुसलेली फाईल जुन्या आवृत्तीत तशीच राहते आणि संपूर्ण प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे पोहोचते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर वरची फवारणी तिला लागत नाही, तसाच हा प्रकार आहे.

पद्धत

गिट-क्रिप्ट हे मुक्त साधन निवडक फाईलच कूटबद्ध करते.

१. रिपॉझिटरीत गिट-क्रिप्ट सुरू करून किल्ली तयार करावी.
२. कोणत्या फाईल कूटबद्ध करायच्या, ते ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाईलमध्ये लिहावे. संवेदनशील फाईल त्यानंतरच समाविष्ट करावी.
३. सहकाऱ्यांच्या जीपीजी सार्वजनिक किल्ल्या जोडाव्यात. त्यांना फाईल नेहमीप्रमाणे वाचता येते. इतरांना केवळ निरर्थक अक्षरे दिसतात.

मर्यादा

फाईलचे नाव कूटबद्ध होत नाही. म्हणून नावात गाव वा व्यक्तीचा उल्लेख टाळावा. प्रकल्प सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा जुन्या आवृत्त्यांवरील प्रवेश काढून घेता येत नाही. पासवर्ड उघड झाल्यास तो तत्काळ बदलता येतो, परंतु शेताचे स्थान बदलता येत नाही. म्हणून विश्लेषणाला आवश्यक नसलेली ओळख रिपॉझिटरीत आणूच नये. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा आणि नाव-क्रमांकाची यादी स्वतंत्रपणे सुरक्षित ठेवावी. शेतकरी सर्वेक्षकाला विश्वासाने बांधावर येऊ देतो. त्या विश्वासाचे रक्षण हाही सर्वेक्षणाचाच भाग आहे.