कुटुंबसेवेचे फलित कसे मोजावे?

किती घरांना भेटी दिल्या, ही सेवेची मोजणी झाली. कुटुंबाच्या पदरात काय पडले, हे निराळे मोजावे लागते. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. १९९५ पासून त्या ३९ गावांत प्रशिक्षित महिला घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेच्या गावांच्या मानाने ही घट ६२ टक्के होती. पूर्वीची नोंद नसती, तर हे यश सिद्धच झाले नसते. म्हणून ग्रामपंचायतीने सेवेपूर्वीच नोंदवही उघडणे अगत्याचे आहे. लपविलेला मृत्यू पुढच्या बालकाचा घात करतो.