पिकांच्या राखणीसाठीं बंदूक आणि काडतूस

भुईमुगाला शेंगा धरूं लागल्या, शाळूच्या कणसांत दाणा दुधाळला किंवा उसाच्या कांड्यांत गोडी उतरूं लागली, कीं गडहिंग्लज तालुक्यांतील शेतकऱ्याची रात्रीची झोप संपते. दिवसा उसाच्या गर्द फडांत किंवा डोंगरकडेच्या झुडपांत दडलेला रानडुकरांचा कळप अंधार पडतांच बाहेर येतो आणि चार महिन्यांचे कष्ट एका रात्रींत उकरून टाकितो. सकाळीं बांधावर उभें राहून तें उद्ध्वस्त रान पाहणाऱ्याच्या मनांत पहिला विचार बंदुकीचा येतो, यांत नवल नाहीं. डुकरासाठीं कोणतें काडतूस घ्यावें, छर्रा बरा कीं गोळी, रायफल मिळाली तर दुरूनच काम होईल काय, असे प्रश्न मग आपसांत निघतात. त्यांचीं उत्तरें शक्य तितक्या स्पष्टपणें देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. मात्र काडतुसाच्या आधीं कायद्याचा, बंदुकीचा आणि सुटलेली गोळी पुढें कोठें जाईल याचा विचार झाला पाहिजे. हा क्रम चुकला, तर उत्तम काडतूसही घात करितें.

परवाना आणि परवानगी

बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप मिळते, हा समज चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, व तिच्याप्रमाणें रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचींत येतें. या अनुसूचींतील जनावर मनुष्याच्या जीवास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झालें असेल, तर कलम ११ प्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो. हा हुकूम हातीं येण्यापूर्वीं केवळ पिकासाठीं चाप ओढणें हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. जनावर अंगावर आलें असतां स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाच्या रक्षणार्थ सद्भावनेनें केलेली कृति त्याच कलमानें वेगळी मानिली आहे. परंतु पीक वांचविणें म्हणजे जीव वांचविणें नव्हे.

गवा व मोर हे पहिल्या अनुसूचींत आहेत. पिकाचें नुकसान केलें एवढ्या कारणासाठीं त्यांस मारण्याची परवानगी कायद्यांत नाहीं. आजरा, चंदगड व भुदरगडकडील रानांत गव्यांचा वावर असल्यामुळें, अंधारांत दिसलेली काळी आकृति डुकराचीच आहे अशी खात्री होईपर्यंत बंदूक उचलूं नये.

कांहीं जण म्हणतात, डुक्कर आतां उपद्रवी ठरलें आहे. अशी घोषणा कलम ६२ खालीं केंद्र सरकार करूं शकतें. बिहारमध्यें डिसेंबर २०१५ मध्यें नीलगाय व रानडुक्कर यांच्यासंबंधीं ती झाली होती. परंतु ती ठराविक जिल्ह्यांपुरती आणि ठराविक मुदतीपुरती होती. तेव्हां परप्रांताची बातमी वाचून आपल्या शेतांत बार काढूं नये. मारलेलें जनावर कलम ३९ प्रमाणें सरकारी मालमत्ता होतें, हेंही ध्यानांत असावें. त्याचें मांस वांटून घेणाऱ्यावर वेगळा खटला होऊं शकतो.

बंदूक कोणती?

शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम १३ मध्यें पिकाच्या राखणीसाठीं प्रथम ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी पडणार नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपल्या परिचयाची बारा बोअर, देतां येते. तिची नळी वीस इंचांहून कमी नसावी. पिकाच्या राखणीसाठीं म्हणून या तरतुदींत रायफल येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजीं पांच वर्षें झाली, आणि एका परवानेदारास जास्तींत जास्त दोन बंदुका बाळगतां येतात.

ठासणीची बंदूक स्वस्त व साधी असली तरी तिचे तीन दोष आहेत. दुसरा बार भरण्यास वेळ लागतो. पावसांत दारू ओलावते. आणि भरणाऱ्याच्या हातावर सर्व अवलंबून राहतें. काळ्या दारूऐवजीं काडतुसांतील बिनधुराची दारू तींत घातल्यास नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जातो. खिळे, लोखंडाचे तुकडे किंवा सायकलच्या गोळ्या ठासण्याची खोडही तितकीच वाईट आहे. गज रिकाम्या नळींत घालून तोंडाशीं त्यावर एक खूण करून ठेवावी. पुढें केव्हांही गज घालतांच ती खूण वर राहिली, तर बंदूक भरलेली आहे असें समजावें. एवढ्या साध्या युक्तीनें दुहेरी बार ठासला जाण्याचा प्रसंग टळतो.

काडतुसांतील छर्रे

बारा बोअर याचा अर्थ असा, कीं नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक रत्तल वजन भरतें. नळीचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर असतो. काडतुसावर छापलेली अक्षरें किंवा आंकडा हा आंतील छर्ऱ्याचा आकार सांगतो. एक औंस, म्हणजे सुमारें २८ ग्रॅम शिशांत, सहा नंबरचे छर्रे सुमारें २७० बसतात; चार नंबरचे १७०; बी.बी.चे ७०, एस.जी.चे फक्त ८, आणि एल.जी.चे ६. नंबर वाढला कीं छर्रा लहान होतो, हें नवख्यानें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

सहा व चार नंबर हे पाखरांसाठीं आहेत. ते डुकरावर झाडल्यास छर्रा कातडीखालीं अडकतो. जनावर मरत नाहीं, पिसाळतें. मोठ्या नराच्या खांद्यावर तर जाड, चिवट कातडीची ढालच असते. बी.बी.ही डुकरास अपुरा पडतो. म्हणून डुकराच्या कामास एस.जी. किंवा एल.जी. यांखेरीज दुसरा छर्रा नाहीं.

परंतु एस.जी. घेतला म्हणजे झालें, असें नाहीं. थोडा हिशेब करूं. नेहमींच्या पाव तोळा कमी तीन तोळे वजनाच्या बारांत एस.जी.चे सुमारें नऊ छर्रे असतात. चोक नसलेल्या, म्हणजे तोंडाशीं न आवळलेल्या नळींतून ते सुटले, कीं १८ मीटरांवर सुमारें ८० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळांत, आणि २७ मीटरांवर सुमारें ११० सेंटिमीटरांच्या वर्तुळांत पसरतात. डुकराचें मर्मस्थान, म्हणजे पुढच्या पायामागील काळीज व फुफ्फुस, एखाद्या लहान ताटाएवढें असतें. त्या ताटावर १८ मीटरांवरून सरासरी एखादाच छर्रा पडेल, आणि २७ मीटरांवरून बहुधा तोही नाहीं. पूर्ण चोकाच्या नळींतून १८ मीटरांवर तींनचार छर्रे त्या जागीं पडण्याची आशा धरतां येते. यावरून आम्ही असें सांगतों, कीं साध्या नळीनें वीस पावलांच्या, आणि चोकाच्या नळीनें तीस पावलांच्या पुढें डुकरावर बार काढूं नये. प्रत्येक नळीचा पसारा वेगळा असतो. म्हणून अधिकृत चांदमारीच्या जागीं मोठ्या कागदावर आपल्या बंदुकीचे बार एकदां तरी मोजून पाहावे.

एकांडी गोळी छर्ऱ्याहून खोल जाते हें खरें. परंतु ती फार दूर जाते, आणि आवळलेल्या नळींत कोणतीही गोळी घालणें धोक्याचें आहे. बंदुकीच्या व काडतुसाच्या कर्त्यानें ती त्या नळीस चालते असें सांगितलें असेल तरच ती वापरावी.

रायफल कां नको?

अमेरिकेंत मोकळ्या माळांवर बिळें करणाऱ्या लहान जनावरांसाठीं हलक्या व अतिवेगवान गोळीच्या रायफली वापरतात. १९३५ सालीं निघालेल्या पॉइंट टू-ट्वेंटी स्विफ्ट या काडतुसाची सुमारें तीन ग्रॅमची गोळी सेकंदास १२०० मीटरांहून अधिक वेगानें सुटते. तिचें कवच मुद्दाम पातळ ठेवितात, म्हणजे ती लागतांच चुरा होते व टप्पा घेऊन पुढें जात नाहीं. युक्ति उत्तम आहे. पण ती दोनचार किलोच्या जनावरासाठीं. शंभर किलोंच्या डुकराच्या खांद्यावर ती गोळी वरच फुटेल व जनावर जखमी होऊन पळेल. उलट जाड गोळीची मोठी रायफल डुकरास मारील, पण चुकलेली किंवा आरपार गेलेली तिची गोळी तीन किलोमीटरांहूनही पुढें जाऊं शकते. साधी पॉइंट टू-टूची लहानशी गोळीदेखील बरीच दूर जाते, आणि दगडावर आपटली कीं भलत्याच दिशेस वळते. एका गावाची शीव संपण्यापूर्वीं दुसऱ्याची वस्ती लागते, अशा आपल्या मुलखांत रायफलीस जागा नाहीं.

गोळी कोठें थांबते?

छर्ऱ्याच्या जास्तींत जास्त पल्ल्याचा एक ठोकताळा आहे: छर्ऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नें गुणावें, म्हणजे पल्ला यार्डांत येतो. सहा नंबरचा छर्रा या हिशेबानें सुमारें २०० मीटर, तर एस.जी.चा सुमारें ६७० मीटर जातो. म्हणजे वीस पावलांवरच्या डुकरावर काढलेला बार चुकला, तर त्याचा छर्रा अर्ध्या किलोमीटरापलीकडच्या माणसास लागूं शकतो.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. एके वर्षीं गाळपाच्या हंगामांत आमच्या शेजारच्या फडांत रात्रीं खसखस ऐकून एकानें हलत्या पाचटावर बार काढला. डुक्कर पडलें नाहीं. सकाळीं फडाच्या पलीकडे उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या एका खोपीच्या कुडांत दोन छर्रे रुतलेले आढळले, आणि त्या कुडाच्या आंत, हातभर खालीं, एक मूल निजलेलें होतें. बार काढणाऱ्यास तेथें खोपी पडल्याचें ठाऊकच नव्हतें. त्या सकाळीं त्यानें बंदूक जी खुंटीस लावली, ती पुन्हा काढली नाहीं. काडतूस निवडतांना त्याची चूक झाली नव्हती. चूक पलीकडे काय आहे हें न पाहण्यांत होती.

म्हणून हे नियम पाळावे. हलत्या उसावर, आवाजावर किंवा चमकत्या डोळ्यांवर बार काढूं नये. पूर्ण जनावर दिसलें पाहिजे. टेकाडाच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या जनावरावर कधींही नेम धरूं नये. मागें मातीचा उंच बांध असावा; दगडी ताल किंवा खडकाळ माळ नसावा. माळ्यावर बसून खालीं नेम धरिला, तर चुकलेला छर्रा जमिनींत जातो. माळ्याचा हा मोठा गुण आहे. राखणीस बसण्यापूर्वीं चारी बांधांवरील शेजाऱ्यांस व जवळच्या खोपींतील मजुरांस त्याच संध्याकाळीं स्वतः जाऊन सांगावें.

जखमी जनावर आणि काडतुसांची निगा

जखमी डुकराच्या मागें रात्रीं फडांत शिरूं नये. रक्ताची जागा खुणेनें ठेवून वनखात्यास कळवावें, आणि तें सांपडेपर्यंत त्या फडांत तोडणीस कोणास पाठवूं नये. पहिला वार त्या मजुरावर होतो.

काडतुसें कोरड्या डब्यांत, कुलुपांत, बंदुकीपासून वेगळीं ठेवावीं. पावसाळ्यांत फुगलेलें किंवा पितळेस हिरवा गंज चढलेलें काडतूस वापरूं नये. नळींत जबरीनें तर कधींच घालूं नये. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या पेटींत मिसळूं देऊं नये. तें नळींत घसरून पुढें अडकतें, आणि मागून बारा बोअरचें भरून चाप ओढल्यास नळी फुटते. चाप ओढूनही बार निघाला नाहीं, तर नळी मातीच्या बांधाकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबावें व मगच ती उघडावी.

शेवटीं

बंदूक हा राखणीचा शेवटचा उपाय आहे. निवडणुकांच्या काळांत अनेक परवानेदारांस ती ठाण्यांत जमा करावी लागते, आणि पीक मात्र रानांतच उभें असतें. तेव्हां केवळ तिच्यावर विसंबणें शहाणपणाचें नाहीं. पाळीपाळीनें सामुदायिक राखण, फडालगतचीं झुडपें साफ करणें व प्रमाणित यंत्रावरील झटक्याचें कुंपण हे उपाय आधीं करावे. खांबावरील वीज सरळ तारेंत सोडणें मात्र मनुष्यवधाचें साधन होय. नुकसान दिसतांच, शक्य तर त्याच दिवशीं, छायाचित्रांसह वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत रान नांगरूं नये.

आणि सर्व करून बंदूक हातीं घेण्याची वेळ आलीच, तर लेखी हुकूम खिशांत, एस.जी.चें कोरडें काडतूस नळींत, वीस पावलांचें अंतर आणि मागें मातीचा बांध या चार गोष्टी असल्याखेरीज चापावर बोट जाऊं देऊं नये. यांतील एकही कमी असेल, तर त्या रात्रीं डुकरास जाऊं द्यावें. गेलेलें पीक पुढच्या हंगामीं पुन्हा उभें राहतें.