टॅपिरकडून शिकलेला धडा

फील्डक्राफ्टच्या रात्रीच्या सरावात मी सर्वांत आधी पकडला गेलो. तोंडाला काजळी फासली होती, कपडेही गडद होते. तरी उस्तादांनी लांबूनच ओळखले. ते म्हणाले, "बेटा, रंग लपवलास, पण डोके आणि खांदे तर दिसतच होते!" पुढे जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी मलायी टॅपिर निवडला आणि त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला.

मलायी टॅपिर म्यानमार, थायलंड, मलेशिया आणि सुमात्रा येथील जंगलांत राहतो. त्याच्या शास्त्रीय नावात 'इंडिकस' असले तरी भारतात तो आढळत नाही. टॅपिरच्या इतर जाती मध्य व दक्षिण अमेरिकेत आहेत. ही आशियातील एकमेव आणि सर्वांत मोठी जात. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण २५० ते ३५० किलो भरते.

दिसायला तो डुकरासारखा, पण त्याचे खरे नातेवाईक घोडा आणि गेंडा. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात. नाक आणि वरचा ओठ मिळून छोटी सोंड बनते. तिने तो पाने ओढून खातो. पाण्यात बुडी मारल्यावर सोंडेचे टोक वर ठेवून श्वासही घेतो. नजर अधू असली तरी कान आणि नाक तीक्ष्ण असतात.

त्याचे डोके, खांदे आणि पाय काळे, तर पाठ आणि पोट पांढरे. चित्रात हा रंग ठळक वाटतो. पण टॅपिर रात्री हिंडतो. चांदण्यात त्याच्या शरीराची कडा या दोन रंगांमुळे तुटते आणि अखंड प्राणी नजरेला जाणवत नाही. पिल्लांच्या तपकिरी अंगावर पांढरे पट्टे व ठिपके असतात. काही महिन्यांत ते पुसट होतात.

पुढच्या सरावात मी डोक्याला आणि एकाच खांद्याला डहाळ्या बांधल्या, दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. पकडला गेलोच, पण शेवटून तिसरा!

मला दुसरी संधी मिळाली. टॅपिरला ती मिळत नाही. मलेशियात जंगलातून गेलेल्या रस्त्यांवर वाहनांच्या धडकेने टॅपिर मरतात. वाघाला चकवणारा रंग तिथे कामी येत नाही. जंगल टिकले, तरच त्याचा गणवेश उपयोगाचा.